सुई, झोप आणि बारा तासांची पाळी

झोप येत नाही ही तक्रार एकेकाळी वार्धक्याची मानली जात असे. आज ती महाविद्यालयीन विद्यार्थी करतो, बँकेतील कारकून करतो आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उशाशी घेऊन पडलेला शिक्षकही करतो. जिथे मागणी तिथे पुरवठा, या न्यायाने कोल्हापुरासारख्या शहरातही आता सुयांनी निद्रानाश बरा करण्याची हमी देणाऱ्या पाट्या दिसू लागल्या आहेत. ‘औषधांविना, दुष्परिणामांविना, नैसर्गिक उपचार’ ही त्यांवरील ठरलेली भाषा. पोलादाची बारीक सुई कातडीत खुपसण्यात निसर्ग नेमका कोठे येतो, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवू. मात्र या उपचारातले खरे किती, त्यावर सरकारचे नियंत्रण किती आणि मुळात आपली झोप कोणी नेली, हे तीन प्रश्न बाजूला ठेवता येण्यासारखे नाहीत.

ॲक्युपंक्चर म्हटले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने युद्धग्रस्त चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस चीनमध्येच मृत्यू पावले. कोल्हापूरच्या मातीत वाढलेल्या व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि नायकाची भूमिकाही स्वतःच केली. कोटणिसांच्या नावाची पुण्याई एवढी मोठी, की सुयांची विद्या त्यांनीच भारतात आणली असा समज पुष्कळांचा आहे. तो बरोबर नाही. कोटणीस शल्यविशारद होते आणि ते परत आलेच नाहीत. ही विद्या आणली ती त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे ती शिकले आणि कलकत्त्यास परतून तिचा वापर करू लागले. बसू हे आधुनिक वैद्यकाचे पदवीधर होते. नाडी, रक्त, हाडे यांचे ज्ञान पदरी असलेल्या माणसाने सुई हाती घेतली होती, एवढा तपशील पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावा.

खुद्द चीनमध्येही या विद्येला सदैव राजमान्यता होती असे नव्हे. १८२२ मध्ये तेथील सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून तिला हद्दपार केले होते. विसाव्या शतकात डॉक्टरांची वानवा असलेल्या प्रचंड देशाला आरोग्यसेवा पुरवायची होती, तेव्हा माओंच्या राजवटीने तिला पुन्हा प्रतिष्ठा दिली. पुढे निक्सन यांच्या १९७२ मधील चीनभेटीच्या सुमारास पाश्चात्त्य जगाचे कुतूहल चाळवले आणि तेथून ही लाट फिरून आपल्याकडे आली. स्वीकार असो वा बहिष्कार, दोन्ही वेळा शास्त्रापेक्षा राजकारणाचा हात अधिक होता.

आता उपचाराकडे येऊ. पारंपरिक चिनी शास्त्राप्रमाणे शरीरात ‘ची’ नावाची शक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते आणि त्या वाहिन्यांवरील ३६१ बिंदूंपैकी योग्य ते निवडून सुई टोचली की बिघडलेला तोल सावरतो. निद्रानाशासाठी मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूला असलेला, घोट्याच्या आतल्या बाजूस चार बोटे वर असलेला आणि टाळूवरचा, असे बिंदू सामान्यतः निवडतात. शवविच्छेदनात या वाहिन्या कोणाला सापडलेल्या नाहीत. पण उपपत्ती चुकीची असली म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. सिंकोनाच्या सालीने हिवताप उतरतो हे माणसाला हिवतापाचे कारण कळण्यापूर्वीच कळले होते. तेव्हा प्रश्न ‘ची’चा नाही, झोप लागते की नाही याचा आहे.

त्याचे उत्तर शोधणे वाटते तितके सोपे नाही. औषधाची परीक्षा करताना निम्म्या रुग्णांना खरी गोळी आणि निम्म्यांना साखरेची गोळी देता येते. खोटी सुई कशी टोचायची? १९९८ मध्ये एका जर्मन संशोधकाने त्यावर युक्ती काढली. बोथट टोकाची, नाटकातल्या खंजिरासारखी मुठीत सरकणारी सुई. रुग्णाला टोचल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ती आत जात नाही. अशा सुईच्या साहाय्याने शांघायमध्ये ७२ रुग्णांवर झालेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा, चार आठवडे उपचार केल्यावर खरी सुई टोचलेल्यांची झोप खोटीवाल्यांपेक्षा अधिक सुधारली होती. आशादायक निष्कर्ष, यात शंका नाही. पण माणसे बहात्तरच. त्याआधी, २०१२ मध्ये, कॉक्रेन या संस्थेने ३३ प्रयोग आणि त्यांतील २,२९३ व्यक्ती यांची छाननी केली होती. बहुतेक प्रयोगांचा दर्जा इतका निकृष्ट होता, की त्यांच्या आधारे उपचाराचे समर्थनही करता येत नाही आणि खंडनही करता येत नाही, असा अभिप्राय तिने दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ मधील अहवालातही निद्रानाशाचा समावेश ‘परिणाम दिसतो, पण अधिक पुरावा हवा’ अशा गटात होता. पाटीवर छापताना यातला पूर्वार्ध तेवढा उचलला जातो.

अमेरिकेत कर्करोगातून वाचलेल्या १६० जणांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मला सर्वांत उद्‌बोधक वाटतो. निम्म्यांना सुया आणि निम्म्यांना झोपेच्या सवयी व झोपेविषयीचे विचार बदलणारे मानसोपचार, असे आठ आठवडे चालले. निद्रानाशाची तीव्रता २८ गुणांच्या मापाने मोजली, तेव्हा मानसोपचारांनी ती १०.९ गुणांनी उतरली, सुयांनी ८.३ गुणांनी. म्हणजे सुयांचा निकाल टाकाऊ नव्हता. पण ज्या उपचारात काहीच टोचावे लागत नाही, तो पुढे राहिला. त्यात असते काय? रोज ठरल्या वेळी उठणे, झोप येईपर्यंत अंथरुणावर न जाणे, पडून वीस-पंचवीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसणे आणि ‘आज झोपलो नाही तर उद्या संपलो’ या भयाची उलटतपासणी करणे. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने २०१६ पासून दीर्घकालीन निद्रानाशावर हाच पहिला उपचार म्हणून सुचविला आहे. एका खोलीच्या घरात राहणाऱ्याने दुसऱ्या खोलीत कसे जावे, हे मात्र त्या सूचनांत नाही!

सुईच्या उपचारातला काही परिणाम सुईचा नसून अर्ध्या तासाच्या शांततेचा असणार, हे उघड आहे. दिवसभर कार्यालयात वरिष्ठांचे आणि घरी मुलांचे ऐकणाऱ्या माणसाला कोणी आस्थेने विचारते, मंद उजेडात आडवे करते आणि हलू नका म्हणते. त्याला बरे वाटणारच. याला फसवणूक म्हणण्याचे कारण नाही. पण बारा बैठकांसाठी बारा वेळा अर्ध्या दिवसाची रजा काढणाऱ्या कारकुनाला आपण कशाचे पैसे देत आहोत हे कळण्याचा हक्क आहे.

धोका सुईत फारसा नाही. ती निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असेल, टोचणाऱ्याला छातीच्या पिंजऱ्याची रचना ठाऊक असेल आणि रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास त्याची विचारपूस झाली असेल, तर गंभीर इजा क्वचितच होते. खरा धोका निदान राहून जाण्यात आहे. घोरता घोरता ज्याचा श्वास रात्रीत शेकडो वेळा अडकतो, त्याला मनगटावरची सुई वाचवू शकत नाही. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, नैराश्य यांचीही पहिली हाक पुष्कळदा निद्रानाशाच्या रूपाने येते. शिवाय सुया सुरू केल्या म्हणून वर्षानुवर्षे घेतलेल्या झोपेच्या गोळ्या एका रात्रीत बंद करणे घातक ठरते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवाव्या लागतात. या गोळ्या २०१३ च्या अधिसूचनेने ‘एच-१’ यादीत गेल्या आहेत. चिठ्ठीविना त्या विकता येत नाहीत आणि विक्रीची स्वतंत्र नोंद दुकानदाराने ठेवावी लागते.

गोळीवर एवढा पहारा आहे, मग सुईवर कोणता? कायदा नाही असे नव्हे. केंद्र सरकारने २००३ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचाराची एक रीत म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली. पश्चिम बंगालने १९९६ मध्येच कायदा केला. महाराष्ट्राने २०१५ चा अधिनियम करून चिकित्सकांच्या नोंदणीसाठी परिषद स्थापन केली. पण कायद्याने मान्यता मिळणे म्हणजे गुण सिद्ध होणे नव्हे. नोंदणीने फार तर सुई कोणाच्या हाती आहे एवढे कळते. म्हणून पायरी चढण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारावा, आणि तो विचारल्याचा राग येणाऱ्याकडून टोचून घेऊ नये. त्यापुढचे काम सरकारचे आहे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मान्यता द्यायची आणि पारख मात्र शांघायने करायची, ही रीत बरी नव्हे. आपल्या माणसांवर, आपल्या हवेत आणि आपल्या खर्चाच्या आवाक्यात हा उपचार कितपत लागू पडतो, याचा रीतसर प्रयोग येथेही होऊ शकतो.

मात्र असा प्रयोग करायचा तर रुग्ण कोण, हे आधी पाहावे लागेल, आणि तेथेच विषय वैद्यकाच्या हातून सुटतो. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, तेव्हापासून त्या गावाच्या रात्री खटखटत आहेत. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालणाऱ्या मागावर उभा राहणारा कामगार एका आठवड्यात दिवसा झोपतो, दुसऱ्यात रात्री. उद्योगांना रात्रीच्या विजेत सवलत देणारी दररचना राज्यात अनेक वर्षे होती. तेव्हा शिरोलीतल्या ओतशाळेची भट्टी रात्री पेटणे हिशेबाला धरूनच होते. हंगामात ऊसतोडणी कामगारांचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो आणि गाडी भरायला ट्रक येईल तेव्हा संपतो. शरीरातील घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या दहा वर्षे आधीच, २००७ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने रात्रपाळीची गणना ‘संभाव्य कर्करोगकारक’ गोष्टींत केली होती. असे असता २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा नऊ तासांवरून बारांवर नेण्यास संमती दिली. आठवड्याची मर्यादा तीच राहील, असा खुलासा झाला. पण झोप आठवड्याच्या हिशेबाने घेता येत नाही.

आवाजाचेही तेच. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, हे २००० सालच्या नियमांत आहे. झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदानाच्या प्रकरणात म्हटले आहे. मिरवणुकीच्या रात्री तोरस्करांच्या चौकात वा राजारामपुरीत उभे राहून हे नियम वाचून दाखवावेत, अशी कोणाची छाती नाही. वाचले तरी ते ऐकू येणार नाहीत. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात आपल्या जिल्ह्यातील दहा आमदारांपैकी कोणी बारा तासांच्या पाळीवर प्रश्न विचारतो का, हे पाहायचे.