चेहरा परत आणला, सत्तेचे काय?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये मार्च-एप्रिल हा प्रशिक्षकांच्या हकालपट्टीचा आणि नेमणुकांचा हंगाम. या हंगामात एक बातमी अधूनमधून येतच असते : अमुक विद्यापीठाने आपलाच जुना खेळाडू प्रशिक्षक म्हणून परत आणला. मिशिगनने २०१९ साली जुवान हॉवर्ड यांना आणले, नॉर्थ कॅरोलिनाने २०२१ साली ह्युबर्ट डेव्हिस यांना. पण या साऱ्यांत आम्हाला जो दाखला महत्त्वाचा वाटतो तो जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या पॅट्रिक युईंग यांचा. सातासमुद्रापलीकडच्या चेंडूच्या खेळाशी आमचा काय संबंध, असे कुणी विचारील. ज्या चळवळीने १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' हे नाव कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून घेतले, तिच्या वाचकांना हा संबंध समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच १९७२ साली जॉन थॉम्पसन हे कृष्णवर्णीय गृहस्थ जॉर्जटाऊनचे मुख्य प्रशिक्षक झाले. आदल्या हंगामात या संघाने २६ पैकी फक्त ३ सामने जिंकले होते. आणि विद्यापीठ कोणते? १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुले लुईझियानाच्या मळेवाल्यांना विकली आणि त्या पैशातून ज्याचे कर्ज फेडले, तेच हे विद्यापीठ. तिथे थॉम्पसन यांनी वॉशिंग्टन शहराच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतील पोरे आणली. त्यांना नुसते खेळवले नाही, शिकवले. आपल्या कचेरीत ते हवा काढलेला चेंडू ठेवत. एक दिवस चेंडूतली हवा जाणार, मग हातात काय उरणार, असा सवाल तो चेंडू प्रत्येक पोराला करी. चार वर्षे टिकलेल्या त्यांच्या खेळाडूंपैकी सुमारे ९७ टक्के पदवीधर झाले.

युईंग हे त्यांचे सर्वात मोठे शिष्य. जमैकात जन्मलेला, बालपणीच अमेरिकेत आलेला हा मुलगा १९८१ साली जॉर्जटाऊनमध्ये दाखल झाला. आई बोस्टनच्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात राबत होती; मुलाने पदवी घ्यावी हाच तिचा ध्यास. प्रतिस्पर्धी प्रेक्षक मैदानात केळ्याची साल फेकत, 'युईंगला वाचता येत नाही' असे फलक नाचवत. आमच्या मुलांना वसतिगृहांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत जे टोमणे ऐकावे लागतात, त्यांचाच हा गोरा अवतार! १९८३ साली आई वारली. व्यावसायिक संघांचा पैसा समोर असताना युईंग यांनी चारही वर्षे पूर्ण केली आणि १९८५ साली ललितकलेची पदवी घेतली. मधे १९८४ साली संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. हे विजेतेपद मिळवणारे थॉम्पसन हे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले.

परंतु आमच्या मते थॉम्पसन यांचे मोठे काम विजेतेपद नव्हे. जानेवारी १९८९ मध्ये महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने 'प्रस्ताव ४२' मंजूर केला. प्रवेश परीक्षेत ठरावीक गुण नसतील तर खेळाडूला पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच नाही, असा त्याचा मतलब. याचा वार गरीब कृष्णवर्णीय मुलांवर होणार हे उघड होते. त्याच महिन्यात बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना सुरू होण्याच्या क्षणी थॉम्पसन मैदान सोडून चालते झाले. हजारो प्रेक्षकांदेखत! संघटनेला अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली, नियम सौम्य करावा लागला. गुणवत्तेच्या नावाखाली दार बंद करण्याची ही युक्ती आम्हाला नवी आहे काय? मंडलविरोधी आंदोलनापासून आम्ही तीच तर ऐकत आलो.

आता युईंग यांच्याकडे येऊ. व्यावसायिक खेळातून निवृत्त झाल्यावर सुमारे पंधरा वर्षे ते वॉशिंग्टन, ह्यूस्टन, ऑर्लँडो, शार्लट येथे सहाय्यक प्रशिक्षक राहिले. एकाही व्यावसायिक संघाने त्यांना मुख्य पद दिले नाही. एप्रिल २०१७ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते दिले जॉर्जटाऊनने. थॉम्पसन यांच्याच मुलाला काढून रिकामे झालेले हे पद. योगायोग पाहा, त्याच एप्रिलमध्ये विद्यापीठाने १८३८ च्या विक्रीबद्दल वंशजांची जाहीर माफी मागितली आणि विकलेल्यांच्या यादीतील पहिल्या आयझॅक हॉकिन्स यांचे नाव एका इमारतीला दिले.

पुढचा हिशेब कडू आहे. मार्च २०२१ मध्ये आठव्या क्रमांकाचा संघ घेऊन त्यांनी बिग ईस्ट स्पर्धा जिंकली. तीही न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, जिथे त्यांचा ३३ क्रमांकाचा गणवेश छताला टांगलेला आहे. तिथल्याच रखवालदारांनी आपल्याला पास मागून अडवले, असे त्यांना त्याच आठवड्यात पत्रकारांपुढे सांगावे लागले. त्यानंतरच्या हंगामात बिग ईस्टमधील १९ च्या १९ सामने हरले. मार्च २०२३ मध्ये हकालपट्टी. सहा हंगामांत ७५ विजय, १०९ पराभव.

आम्ही सरळ म्हणतो, प्रशिक्षक म्हणून ते यशस्वी झाले नाहीत, आणि वर्णामुळे काढले असा कांगावा करण्यातही अर्थ नाही. त्यांच्या जागी आलेले एड कूली हेही कृष्णवर्णीयच. पण काळ बदलला होता हेही पाहिले पाहिजे. थॉम्पसन यांच्या हाती एक पोर चार वर्षे असे. २०२१ पासून खेळाडूला एकदा संघ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आपल्या नावावर पैसे कमावण्याचाही हक्क मिळाला. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्याय्यच. त्यांच्या घामावर विद्यापीठे दशकानुदशके गब्बर झाली. मात्र जुन्या वैभवाच्या आठवणीवर संघ बांधण्याचे दिवस त्याने संपवले. युईंग यांचे चांगले खेळाडू तर त्याआधीपासूनच सोडून जात होते.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या खेळात वरच्या श्रेणीतील पुरुष खेळाडूंमध्ये कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक. मुख्य प्रशिक्षकांत त्यांचे प्रमाण त्याहून कितीतरी कमी. अशा व्यवस्थेत पंधरा वर्षे दाराबाहेर उभे केलेल्या माणसाला पहिली संधी मिळते ती त्याच्या चेहऱ्यासाठी, घर कोसळत असताना. थॉम्पसन यांना कोसळलेला संघ मिळाला तसा २७ वर्षांचा अवधीही मिळाला, आणि नियमांशी भांडण्याची हिंमत त्यांच्यात होती. युईंग यांच्याकडून विद्यापीठाला भांडण नको होते, आठवण हवी होती.

२०२४ साली न्यूयॉर्क निक्सने त्यांना पुन्हा बोलावले. पद दिले ते राजदूताचे, संघाची सूत्रे दुसऱ्यांच्याच हाती.