भ्रमणध्वनी आणि त्याची किल्ली

राजस्थान शासनाने १० ऑगस्ट २०२३ रोजी जयपूर येथे इंदिरा गांधी स्मार्टफोन योजनेचा आरंभ केला. पहिल्या टप्प्यात चाळीस लाख स्त्रिया व विद्यार्थिनी यांना प्रत्येकी ६,८०० रुपये मिळावयाचे होते. त्यांपैकी ६,१२५ रुपये यंत्रासाठी आणि ६७५ रुपये सिमकार्ड व इंटरनेट यांसाठी. एकच यंत्र सर्वांना वाटण्याऐवजी शिबिरांत निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे मांडण्यात आली व निवड लाभार्थिनीवर सोपविण्यात आली. ऑक्टोबरात विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली आणि वाटप थांबले. योजनेवर जे राजकीय वाद झाले त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. जुना बटनांचा फोन बाजूला ठेवून प्रथमच स्मार्टफोन घेणाऱ्या व्यक्तीने नेमके काय निवडावे, हा प्रश्न मात्र त्या शिबिरांपुरता मर्यादित नाही.

ग्राहक बहुधा पडद्याचा आकार, छायाचित्रांची स्पष्टता आणि किंमत पाहतो. ही तुलना अपुरी आहे. स्मार्टफोन हा वस्तुतः एक छोटा संगणक होय, आणि संगणकाचे आयुष्य त्याच्या धातूपेक्षा व काचेपेक्षा त्यातील आज्ञावलीवर अधिक अवलंबून असते. ती आज्ञावली बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे खरेदीपूर्वी कोणी विचारीत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात घडले. मोझिला या संस्थेने फायरफॉक्स ओएस नावाची खुली कार्यप्रणाली तयार केली होती. तिची मूळ आज्ञावली कोणासही वाचता व सुधारता येत असे. तिच्यावर चालणारा एक फोन ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात १,९९९ रुपयांना विकावयास आला. पुढे मोझिलाने फोनचा उद्योग सोडला. परंतु आज्ञावली खुली असल्यामुळे ती नष्ट झाली नाही. तिच्यातूनच कायओएस निर्माण झाली आणि २०१७ पासून जिओफोनच्या रूपाने ती घरोघरी पोहोचली. येथपर्यंत ही कथा खुलेपणाच्या विजयाची आहे. परंतु जिओफोन हाती घेणाऱ्याला त्या खुलेपणाचा काहीच उपयोग नव्हता, कारण यंत्र कुलूपबंद होते. जून २०२४ मध्ये कायओएसच्या दुकानातून व्हॉट्सअ‍ॅप काढून घेण्यात आले. फोनची बटने शाबूत, पडदा शाबूत. आणि तरीही ज्या कामासाठी अनेकांनी तो घेतला होता, ते काम त्याला नव्याने शिकविण्याची सोय उरली नाही. कारखान्यात खुली असलेली वस्तू मालकाच्या हातात येईपर्यंत बंद कशी होते, हे यावरून दिसते.

अँड्रॉइडची स्थितीही फारशी निराळी नाही. तिचा पाया असलेली लिनक्स ही प्रणाली १९९१ पासून खुली आहे आणि अँड्रॉइडचा मूळ भागही खुला आहे. तथापि गूगलचे दुकान व सेवा बंद आहेत आणि त्यांच्या अटी फोन बनविणाऱ्या कंपन्यांना स्वीकाराव्या लागतात. याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. शिवाय यंत्र चालू होताना जी छोटी आज्ञावली सर्वप्रथम चालते, ती पुष्कळशा फोनांत केवळ कंपनीने मान्य केलेलीच प्रणाली स्वीकारते. हीच खरी किल्ली होय. कंपनी ती देते तेव्हा लिनिएजओएससारख्या प्रणालीमुळे, कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोनही आणखी काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येतो. ही प्रणाली बहुतांशी स्वयंसेवकच तयार करतात. किल्ली नसेल तर जयपूरच्या जयंती बाजारातील कुशल कारागीरही पडदा व बॅटरी बदलून देतील, आणि पुढे हात टेकतील.

त्याच नगरात जंतरमंतर उभे आहे. सवाई जयसिंहाने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांविषयी तक्रार केली आहे : ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात, केंद्रे सरकतात. म्हणून त्याने दगडाचुन्याची यंत्रे उभारली; त्यांपैकी सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर आहे. या यंत्रांची पडझड झाली, खुणा पुसट झाल्या. तरीही १९०१-०२ मध्ये गॅरेट व पंडित चंद्रधर शर्मा गुलेरी यांना त्यांचा जीर्णोद्धार करता आला. मूळ कारागीर तेव्हा कधीच काळाच्या पडद्याआड गेले होते. पण यंत्राचे तत्त्व भिंतीच्या कोनात आणि कोरलेल्या अंशांत सर्वांसमोर उघडे होते.

खुल्या फोनाविरुद्धचा एक आक्षेप गंभीर आहे. कुलूप काढले की फसवणूक करणाऱ्यालाही वाट मिळते. बँकांच्या अनेक आज्ञावल्या अशा फोनवर चालण्यास नकार देतात. ज्या स्त्रीने प्रथमच इंटरनेट पाहिले, तिला किल्ली देऊन मोकळे होणे ही सेवा नव्हे. हे मान्य करावेच लागेल. म्हणून फोन विकताना कुलूपबंद असावा; परंतु मालकाने मागितल्यास, विशेषतः कंपनीने सुधारणा पुरविणे थांबविल्यानंतर, किल्ली विनामूल्य मिळावी. घराचे दार बंद ठेवणे निराळे आणि घरमालकालाच चावी न देणे निराळे.

सार्वजनिक पैशाने खरेदी होते तेव्हा ही अट घालणे सर्वांत सोपे असते. चाळीस लाख ग्राहकांची मागणी एकत्र आली असता कोणती कंपनी ती सहज नाकारील? सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळतील, बॅटरी व पडदा किती वर्षे उपलब्ध राहतील, ढूंढाडी बोलणाऱ्या शाळेला आपल्या बोलीची शब्दावली फोनमध्ये स्वतः भरता येईल काय, हे प्रश्न शिबिरातील किंमतफलकाशेजारी छापावयास हवे होते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनांसाठी विक्री संपल्यानंतर किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा देणे, आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले आहे. किल्लीची सक्ती त्या नियमांतही नाही. ती अट भारतातील एखाद्या राज्याने आपल्या निविदेत प्रथम घालावयास कोणताही अडथळा दिसत नाही.