विरळ हवेला मुभा, विषारी वायूला मनाई

कार्बन मोनॉक्साइड सर्वसामान्यांना ठाऊक असतो तो बंद खोलीतील शेगडीने घेतलेल्या बळींमुळे. हा वायू क्रीडापटूंनी हुंगू नये, असा नियम जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेला, अर्थात ‘वाडा’ला, करावा लागला आहे. वैद्यकीय निदानाखेरीज त्याचा वापर १ जानेवारी २०२६ पासून निषिद्ध ठरला. सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तो फेब्रुवारी २०२५ मध्येच रोखला होता. याच हेतूने डोंगरावर जाऊन राहण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

हेतू आहे रक्तातील तांबड्या पेशी वाढवण्याचा. अडीच हजार मीटर उंचीवरही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो. घटतो तो हवेचा दाब, सुमारे एक चतुर्थांशाने. ही तूट मूत्रपिंडांना जाणवते, ती एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवतात आणि अस्थिमज्जा कामाला लागते. पेशींना प्राणवायूची उणीव कशी कळते, याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. संप्रेरक एक-दोन दिवसांत शिगेला पोहोचते, रक्त तेवढ्या घाईने वाढत नाही. पहिल्या काही दिवसांत हिमोग्लोबिनचा आकडा चढतो तो मुख्यतः रक्तातील द्रव घटल्याने. खऱ्या वाढीसाठी तीन-चार आठवड्यांचा मुक्काम आणि शरीरात पुरेसे लोह लागते. एवढे करूनही पदरी पडते ती काही टक्क्यांची वाढ, आणि तीही सर्वांना सारखी नाही.

शिवाय विरळ हवेत वेगाने धावता येत नाही. लेव्हिन व स्ट्रे-गंडरसन यांनी १९९७ मध्ये त्यावर तोड दाखवली: मुक्काम अडीच हजार मीटरवर, सराव साडेबाराशे मीटरवर. बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यानेही २०२२ च्या राष्ट्रकुल रौप्यपदकापूर्वी अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे उंचीवर सराव केला होता. ज्यांना डोंगर गाठायचा नाही, पण पैसा आहे, त्यांच्यासाठी कमी प्राणवायूचे तंबू निघाले. त्यांवर बंदी घालावी का, याचा खल ‘वाडा’त झाला आणि २००६ मध्ये ती न घालण्याचे ठरले. कृत्रिमता हा निकष तिथेच निकालात निघाला.

कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याची अल्प मात्रा एकूण हिमोग्लोबिन मोजण्यासाठी रीतसर वापरली जाते. काही सायकल संघांकडे तसे उपकरण असल्याचे २०२४ च्या ‘टूर द फ्रान्स’दरम्यान उघड झाले. हीच मात्रा वारंवार घेतली तर मूत्रपिंडांना डोंगराचाच भास होतो. फरक धोक्याचा आहे: मात्रा चुकली तर जीव जातो. बंदीला तेवढे कारण पुरेसे आहे.

अंमलबजावणी मात्र सोपी नाही. साध्या हवेत श्वास घेणाऱ्याच्या रक्तातील हा वायू चार-पाच तासांत निम्म्यावर येतो. मागे उरतात त्या वाढलेल्या तांबड्या पेशी. २००९ पासून क्रीडापटूंच्या रक्ताच्या नोंदी ठेवणाऱ्या जैविक पारपत्रात ही वाढ दिसेलही, पण खेळाडू त्या महिन्यात पर्वतावरच राहत असेल, तर तिचे श्रेय कोणाला द्यायचे, हे तपासनिसांना त्या आकड्यांवरून ठरवणे कठीण जाईल.