बेटावरचा अमीर

सुट्ट्या लागल्या की दोस्तमंडळींचे बेत सुरू होतात. हल्ली त्यात एका नव्या बेताची भर पडली आहे. बेटावर जायचे, चार दिवस राहायचे आणि मासे पकडायचे. मोबाईलवर लक्षद्वीप, अंदमान, मालदीव दिसत राहते. निळे पाणी, नारळाची झाडे, हातात गळ. पालमच्या चहाच्या टपरीवर हा बेत दर वर्षी रंगतो. मग कोणीतरी हिशेब मांडतो. आधी कोचीपर्यंत रेल्वे, पुढे जहाज किंवा अगत्तीपर्यंत विमान, शिवाय लक्षद्वीपला जायला प्रशासनाचा परवाना. सात जणांचा आकडा ऐकला की चहाचे पैसे आज कोण देणार, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

पण बेटासाठी इतके लांब जायची गरजच काय? बेट आपल्या पालम तालुक्यातच आहे. गोदावरीच्या पात्रातले जांभूळबेट. चहूबाजूंनी पाणी आणि मधे हिरवीगार जमीन. जांभळाच्या झाडांवरून त्याला हे नाव पडले. तिथे मोर आहेत, गर्द सावली आहे. दिग्रसच्या बंधाऱ्याने अडवलेल्या पाण्यामुळे पात्र भरलेले असते, तेव्हा पलीकडे जायला होडी लागते. पुराच्या माऱ्याने बेटाच्या कडा ढासळत आहेत, ही काळजी आहेच. पण सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल, खिशाला परवडेल आणि दिवसभर पाण्याकाठी बसता येईल, अशी दुसरी जागा आपल्याकडे नाही.

अशा सहलीला मी वेळेची नासाडी म्हणणार नाही. आपली तरुण मुले दिवसभर काय करतात ते पाहा. कोणी गॅरेजमध्ये गाड्यांखाली झोपलेला, कोणी फळांच्या गाड्यावर उन्हात उभा, कोणी मोबाईलच्या दुकानात, कोणी शाळेत शिकवतो. एकमेकांची भेट होते ती नमाजनंतर दोन मिनिटे, नाहीतर कोणाच्या लग्नात आणि जनाज्यात. गळ टाकून बसले की दोन तास बोलण्यावाचून दुसरे काम नसते. कर्जाची गोष्ट निघते, बहिणीच्या लग्नाची निघते, अब्बांच्या आजारपणाची निघते. मासा लागो न लागो, मन मोकळे होते. दोस्ताचा हा हक्कच आहे.

तरीही ही सहल बागेतल्या सहलीसारखी नाही. मधे पाणी आहे. म्हणून निघण्याआधी एक गोष्ट ठरवावी असे मला वाटते. ती म्हणजे या सहलीचा अमीर कोण?

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे की तिघे जण प्रवासाला निघाले तरी त्यांनी आपल्यापैकी एकाला अमीर करावे. आपण ही गोष्ट हजच्या आणि जमातच्या प्रवासात पाळतो, पण दोस्तांच्या सहलीत विसरतो. दोस्तीत कसला आला अमीर, सगळे बरोबरीचे, असे म्हणतो. पण नेमके बरोबरीचे असतात म्हणूनच अमीर लागतो. सात जण बरोबरीचे असले की सातही जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतात आणि कोणीच कोणाला थांबवत नाही.

ज्यांचे पोटच पाण्यावर आहे ते लोक असा घोटाळा करत नाहीत. कोकणात रत्नागिरीच्या बाजूला दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. तिकडच्या बोटीवर एक तांडेल असतो. जाळे कधी टाकायचे, कधी ओढायचे, वारा फिरला तर केव्हा परतायचे, हे तांडेल ठरवतो. किनाऱ्यावर आल्यावर त्याच्याशी भांडा, पण पाण्यावर त्याचा शब्द शेवटचा.

ज्या लक्षद्वीपची स्वप्ने आपण टपरीवर बसून पाहतो, तिथेही हेच आहे. तिथल्या बेटांपैकी फक्त दहाएक बेटांवर वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४ हजारांच्या आसपास होती आणि त्यात ९६ टक्क्यांहून अधिक मुस्लिम. मिनिकॉय बेटाचे मच्छीमार ट्यूना मासा काठीने पकडतात. आधी किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातून छोटे मासे धरून जिवंत ठेवायचे. मग खोल समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला की ते मूठमूठ फेकायचे आणि पाण्याचे फवारे उडवायचे. थवा वर आला की बोटीच्या काठावर ओळीने उभे राहिलेले मच्छीमार काठीला बांधलेल्या, अणकुची नसलेल्या गळाने एकेक मासा उचलून बोटीत टाकतात. हे सगळे काही मिनिटांत होते. त्या मिनिटांत कोणी आपल्या मर्जीने जागा सोडली तर दुसऱ्याच्या डोळ्यात गळ जाईल. फोटोत आपल्याला मौज दिसते, तिच्यामागची शिस्त दिसत नाही.

कोणी म्हणेल, समुद्राची गोष्ट वेगळी, आपली गोदावरी शांत आहे. बंधाऱ्याचे पाणी शांत दिसते हाच मोठा धोका आहे. वाहत्या नदीचा जोर डोळ्यांना दिसतो, माणूस जपून पाय टाकतो. अडवलेल्या पाण्याखाली काय आहे ते वरून कळत नाही. वाळू उपशाने पात्रात जागोजागी खड्डे झाले आहेत. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचे पाऊल डोक्याइतक्या खोलात जाते. तळाशी गाळ असतो, त्यात पाय रुततो. आणि पाणी रोज सारखे नसते. वर पैठणचे जायकवाडी आहे, माजलगाव धरणाचे पाणी सिंदफणेतून गोदावरीतच येते, मधे ढालेगाव, मुद्गल असे बंधारे आहेत. पालमला लख्ख ऊन पडलेले असते आणि वर कुठेतरी दरवाजे उघडलेले असतात. दिग्रसचे पाणी नांदेडसाठी खाली सोडले की पात्राचा नूर पुन्हा बदलतो. म्हणून सकाळी निघताना काठच्या गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय होडीत पाय ठेवू नये.

१ फेब्रुवारी २०१६ चा दिवस अनेकांना आठवत असेल. पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्यात आपल्या समाजाची मुले-मुली होती. सकाळी डबा घेऊन हसत निघालेली लेकरे. त्या घरांत आजही सहल हा शब्द सहज उच्चारला जात नसेल. अशी बातमी वाचली की आपण ‘इन्ना लिल्लाहि’ म्हणतो, दुआ करतो. ते योग्यच आहे. पण उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. पाण्याकाठी उंट बांधायचा म्हणजे काय करायचे, हे ज्याने त्याने आपापल्या मनाशी ठरवून चालत नाही. ते एकाने ठरवावे आणि बाकीच्यांनी ऐकावे.

अमीर कोणाला करावे? सगळ्यात पट्टीच्या पोहणाऱ्याला करू नये, असे माझे मत आहे. त्याला पाण्याची भीती राहिलेली नसते. आमच्या गल्लीतले सात जण गेल्या हिवाळ्यात जांभूळबेटावर गेले. त्यांनी आपल्यातल्या शिंप्याला अमीर केले. त्याला पोहता येत नाही आणि बोलायला तो कोणाची भीड ठेवत नाही. दुपारी एकाला हुक्की आली, बेटावरून काठापर्यंत पोहून जातो, तुम्ही व्हिडिओ काढा. विहिरीत पोहलेला गडी, अंगाने धिप्पाड. बाकीचे टाळ्या वाजवायला तयार. शिंपी म्हणाला, नाही. थट्टा झाली, भित्रा म्हणून झाले, शेवटी भांडण झाले. त्याने ‘नाही’ सोडले नाही. तो गडी रुसून एका बाजूला बसला आणि भाजलेला मासाही त्याने खाल्ला नाही. पुढे दोन आठवडे बोलणे बंद. त्याच्या अम्मीला ही हकिकत कळली, तेव्हा तिने शिंप्याच्या घरी खिचड्याचा डबा भरून पाठवला.

त्या दिवशी काहीच घडले नाही. जे घडले नाही त्याची बातमी होत नाही आणि अमीराचे कोणी आभारही मानत नाही. हे काम असेच आहे, हे समजूनच ते अंगावर घ्यावे.

आता अमीराची कामे. निघताना माणसे मोजावीत, परतताना पुन्हा मोजावीत. कोणत्या घाटावरून जाणार आणि किती वाजता परतणार, हे किमान एका घरी सांगून ठेवावे. होडीत किती जण बसतील, हे होडीवाला सांगेल तेच खरे. एक जास्त बसवायला त्याला भरीस पाडू नये. लाइफ जॅकेट मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर बूच घट्ट लावलेले मोठे रिकामे प्लास्टिकचे कॅन आणि लांब दोर होडीत ठेवावा. कोणी बुडू लागला तर पोहता न येणाऱ्याने मागे उडी मारू नये. दोर, काठी, ओढणी, कॅन, जे हाताशी असेल ते फेकावे. बुडणारा एक असतो आणि वाचवायला गेलेले तिघे जातात, असे आपल्याकडे किती वेळा झाले आहे. परतीची वेळ लक्षात ठेवायला आपल्याला घड्याळाचीही गरज नाही. असरची नमाज बेटावर, मगरिबची गावात. अंधारात होडी नको.

अमीराने आणखी दोन हक्क सांभाळावेत. पहिला हक्क तिथल्या मच्छीमाराचा. आपण हौसेने जातो, भोई बांधव पोटासाठी रोज पाण्यात उतरतात. कितीतरी जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. म्हणून आधी विचारावे. त्यांच्या लावलेल्या जाळ्याजवळ होडी नेऊ नये, जाळे उचलून बघू नये. गळाला काही लागले नाही तर त्यांच्याकडून रोहू, मरळ, वाम विकत घ्यावी आणि भाव करताना हात आखडू नये. विकत घेतलेली मरळ घरी ‘मी पकडली’ म्हणून दाखवायची असेल तर निदान काट्यावरचा वजनाचा कागद पिशवीतून काढून टाकावा!

दुसरा हक्क माशांचा. पाण्यातली शिकार आपल्यासाठी हलाल आहे, कुरआनात सूरह माइदामध्ये तशी परवानगी आली आहे. पण ती परवानगी खाण्यासाठी आहे, फोटोसाठी जीव घेण्याची नाही. बोटभर पिलू गळाला लागले तर परत सोडावे. पावसाळ्याच्या तोंडाशी तर गळ घरीच ठेवावा. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, नदीला पाणी वाहू लागले की अंडी घालतात. पहिल्या पुराबरोबर काठाशी, ओढ्याच्या तोंडाशी येणारी मासळी पोटात अंडी घेऊन आलेली असते. ती हाताने धरता येते म्हणून लोक पोती भरतात. समुद्रात महाराष्ट्र शासन १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवते, ते याच कारणासाठी आणि खवळलेल्या समुद्रात माणसे जाऊ नयेत म्हणूनही. आपल्या नदीकाठी तेवढे दिवस आपणच आपल्याला बंदी घालायला काय हरकत आहे?

राहिला घरचा हक्क. सात दोस्त रात्री नऊ वाजता पिशवी घेऊन येतात आणि घरात हाक जाते, जरा हे मासे साफ करून दे. पकडणारे सात, खवले काढणारी एकटी. दिवसभर लेकरे सांभाळून ती दमलेली असते. मासे बेटावरून निघण्याआधी काठावरच साफ करावेत आणि घाण पाण्याकाठी न टाकता पुरावी. कालवण कोणी करायचे हे घरी जाऊन दोघांनी ठरवावे. आणि एखादी खेप पूर्ण कुटुंबाची काढावी. मोर पाहायचा हक्क फक्त दाढीवाल्यांना आहे, असे कुठे लिहिलेले नाही. त्या खेपेला अमीर म्हणून एखादी भाभी किंवा खाला नेमली तर माणसे मोजायचे काम अधिक चोख होईल, याची मला खात्री आहे.

शेवटी माता-पित्यांना एक विनंती. मुलगा दोस्तांबरोबर पाण्यावर जायचे म्हणतो, तेव्हा नुसते ‘नको’ म्हणून तो थांबत नाही. न सांगता जातो. त्यापेक्षा त्याला आणि मुलीलाही लहानपणीच, जाणत्या माणसाच्या हाताखाली पोहायला शिकवा. आणि तो पिशवी भरून उंबरठ्यावर उभा राहील तेव्हा, कोण कोण येणार हे विचारता त्यासोबत एवढे आणखी विचारा : “बेटा, तुमचा अमीर कोण?” त्याने नाव सांगितले तर त्या मुलाला फोन लावा, दोन शब्द बोला आणि मग खुशाल ‘फी अमानिल्लाह’ म्हणा. त्याला नाव सांगता आले नाही, तर पिशवी तिथेच ठेवायला लावा आणि आधी अमीर ठरवून यायला सांगा. गोदावरी कुठे पळून जात नाही. तास-दोन तास उशिरा गेले तरी मासे असतील.