गाडी कशी बंद पडली, ते आधी सांगा

आपल्या वस्त्यांमधून हल्ली दारासमोर एखादी जुनी मोटार उभी दिसते. कोणी तिच्यातून भाजीचा माल आणतो, कोणी पतपेढीचे कर्ज काढून घरच्यांसाठी ती घेतलेली असते. बहुधा ती मारुती 800 किंवा ओम्नी असते. पहिली मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे नव्यातली नवी मारुती 800 देखील आता दहा वर्षांहून अधिक जुनी झाली आहे. अशा गाड्यांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते : गाडी चालता चालता बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की अगदी शहाण्यासारखी चालते.

मग काय होते? मेकॅनिकला दोष दिसत नाही. तो प्लग बदलतो. चार दिवसांनी गाडी पुन्हा बंद पडते. मग कॉइल बदलली जाते, मग पेट्रोलचा पंप, शेवटी कार्बोरेटर. महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा जातो आणि दोष तिथेच राहतो. आम्ही कारकून माणसे. हिशेब जुळला नाही तर कोणी नवी खातेवही विकत आणत नाही. एकेक नोंद तपासून चूक कोणत्या पानावर आहे ते शोधावे लागते. गाडीचेही तसेच आहे. आधी दोष शोधावा, मग पार्ट विकत घ्यावा.

पेट्रोलच्या इंजिनाला चालण्यासाठी मुख्यत्वे तीन गोष्टी लागतात : हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब. दाब एकाएकी जाऊन दहा मिनिटांनी परत येत नाही. तेव्हा थंड झाल्यावर सुरू होणाऱ्या गाडीत संशय प्रथम दोघांवरच घ्यावा, पेट्रोल आणि ठिणगी.

या दोघांतला गुन्हेगार ओळखण्याची खूण सोपी आहे. बटण दाबून दिवा विझवावा तसे इंजिन एका क्षणात बंद झाले, तर बहुधा विजेचा दोष असतो. गाडीने आधी झटके दिले, ताकद गेली, अॅक्सिलरेटर दाबूनही ती मागे ओढल्यासारखी झाली आणि मग बंद पडली, तर पेट्रोल कमी पडत असते.

दुसरी खूण डॅशबोर्डवर मिळते. किल्ली चालू असताना इंजिन बंद पडले, की बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागला पाहिजे. दोन्ही लागले नाहीत, तर करंटच तुटला आहे असे समजावे. मग बॅटरीचे टर्मिनल, अर्थची वायर, फ्यूज आणि किल्लीचा स्विच पाहावा. किल्लीला जड जुडगा लटकवलेला असेल तर तो काढावा. गाडी उभी ठेवून इंजिन चालू करावे आणि किल्ली हलकेच हलवून पाहावी. इंजिन बंद पडले, तर दोष स्विचमध्ये आहे.

लाल दिवे लागले तर पुढची तपासणी गाडी बंद पडल्यावर लगेच, ती थंड होण्यापूर्वी करावी. एअर फिल्टरचे झाकण काढून, इंजिन बंद असतानाच कार्बोरेटरच्या तोंडात पाहावे आणि दुसऱ्याला अॅक्सिलरेटर दाबायला सांगावे. आत पेट्रोलची पिचकारी दिसली तर पेट्रोल येत आहे, मग ठिणगी तपासावी. पिचकारी आली नाही तर पेट्रोल अडले आहे. या वेळी जवळ विडी, काडी काहीही नको. ठिणगीची तपासणी पेट्रोलपासून दूर, शक्यतो मेकॅनिककडूनच करवून घ्यावी. जुनी कॉइल किंवा डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर तापला की ठिणगी सोडून देतो आणि निवला की परत कामाला लागतो. गॅरेजमध्ये दोष न दिसण्याचे हेच कारण असते.

पेट्रोल अडत असेल तर आधी फुकटचा उपाय करावा. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा जोराचा आवाज झाला आणि त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजलेली आहे. पेट्रोल बाहेर पडते, पण त्याच्या जागी हवा येत नाही, म्हणून पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. ही वाट साफ केली की काम झाले. त्यानंतर फिल्टर, टाकीतला गाळ, चिरलेली रबरी नळी आणि शेवटी पंप पाहावा. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेला नव्हता. तेव्हा त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावे.

गाडी केवळ सिग्नलला थांबतानाच बंद पडत असेल तर आयडलिंगचा जेट किंवा फाटकी व्हॅक्यूमची नळी पाहावी. केवळ पावसात बंद पडत असेल तर प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी पाहावी. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला असेल तर गाडी पुन्हा सुरू करू नये आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

2000 च्या आसपास कार्बोरेटर जाऊन इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांत टाकीतला विजेचा पंप आणि क्रँकचा सेन्सर हे नेहमीचे संशयित असतात. तिथे अंदाज न करता आधी स्कॅनर लावून घ्यावा.

या सर्वांपेक्षा महत्त्वाची गोष्ट जिवाची आहे. चालती गाडी बंद पडली तर घाबरून किल्ली काढू नये. स्टिअरिंग लॉक होईल. गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत आणि डावीकडे यावे. ज्या गाडीला ब्रेकचा बूस्टर आहे, तिचा ब्रेक इंजिन बंद झाल्यावर एकदोन वेळाच नेहमीसारखा लागतो. मग पाय जोर लावून दाबावा लागतो. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा. बोरघाटात किंवा कसाऱ्याच्या घाटात गाडी बंद पडली, तर बायकामुलांना आधी खाली उतरवून रस्त्याच्या कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे करावे. इंजिन नंतर पाहता येईल. आणि दोष सापडेपर्यंत अशी गाडी घाटात नेऊच नये.

घरातील भगिनींनीही हे वाचावे. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते. लाल दिवा लागला की नाही, झटके आले की नाही, हे शेजारी बसलेल्या माणसाला अधिक नीट दिसते. गाडीत एक पाच-दहा रुपयांची वही ठेवावी. गाडी बंद पडली की तारीख, किती किलोमीटर चालल्यावर पडली, इंजिन गरम होते की थंड, चढ होता की सपाट रस्ता, एकदम बंद पडली की झटके देऊन, किती वेळाने सुरू झाली, हे शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे. चारपाच नोंदी झाल्या की दोष बहुतेक स्वतःच बोलू लागतो.

ही वही घेऊन मेकॅनिककडे जावे. तोही आपल्यासारखाच कष्टकरी माणूस आहे. दोष त्याच्यासमोर होत नसेल तर त्याने तरी काय ओळखावे? माहिती दिली तर चांगला कारागीर आनंदाने ऐकतो. पार्ट बदलण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे : हा खराब आहे हे कशावरून ठरवले? उत्तर पटले तर पैसे द्यावेत. काढलेला जुना पार्ट मागून घ्यावा. तो आपल्या मालकीचा असतो.