गहाण पडलेली सुवर्णपदके

१० जुलै १९९९ रोजी पॅसाडिनाच्या रोझ बोल मैदानावर नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. अमेरिका आणि चीन यांच्यातील महिला विश्वचषकाचा अंतिम सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला व निकाल पेनल्टींवर आला. चीनची तिसरी खेळाडू लिऊ यिंग चेंडूकडे चालत आली. पेनल्टी मारणाऱ्या खेळाडूच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही, हा ब्रायना स्करीचा शिरस्ता. पण त्या दिवशी तिने पाहिले, आणि हीच पेनल्टी आपली, असे तिला वाटले. तिने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू परतवला. पुढे ब्रँडी चॅस्टेनने शेवटची पेनल्टी मारून अंगातला सदरा भिरकावला. जगाच्या स्मरणात राहिले ते छायाचित्र चॅस्टेनचे. आपल्या क्रिकेटी मनाला हे नवे नाही. यष्टिरक्षकाचा झेल ज्यांच्या लक्षात राहतो, अशी माणसे थोडीच असतात.

अलिसा नेहर २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय संघातून निवृत्त झाली, तेव्हा अमेरिकी गोलरक्षकांच्या परंपरेची पुन्हा चर्चा झाली. विश्वचषक आणि ऑलिंपिक या दोन्ही स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत एकही गोल होऊ न देणारी गोलरक्षक म्हणून नेहरचा गौरव झाला, आणि तो यथार्थच होता. मात्र या परंपरेचा हिशेब मांडताना स्करीच्या आयुष्याचा उत्तरार्ध वगळून चालणार नाही; किंबहुना खेळाडूंच्या मोबदल्याविषयी आज चाललेल्या चर्चेत तोच भाग सर्वाधिक बोलका आहे.

स्करीचा जन्म १९७१ चा, मिनियापोलिसचा. डेटन नावाच्या गावात ती वाढली, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संघातून खेळली आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय संघात आली. गौरवर्णीयांनी भरलेल्या त्या संघात पहिल्या पसंतीची गोलरक्षक कृष्णवर्णीय होती, ही बाब त्या काळी लहान नव्हती. १९९६ आणि २००४ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके तिने मिळवली. दरम्यान सिडनी ऑलिंपिकच्या वेळी तिची जागा गेली होती. ती तिने परत मिळवली. २००७ च्या विश्वचषकात प्रशिक्षकांनी उपांत्य सामन्यासाठी होप सोलोला बाजूला सारून स्करीला उभे केले आणि ब्राझीलने ४-० असा पराभव केला. तो निर्णय प्रशिक्षकांचा होता, तरी टीकेचे धनी गोलरक्षकालाही व्हावे लागले.

२५ एप्रिल २०१० रोजी वॉशिंग्टन फ्रीडम या व्यावसायिक संघाकडून खेळताना एक खाली येणारा चेंडू उचलायला ती वाकली आणि प्रतिस्पर्ध्याचा गुडघा तिच्या उजव्या कानशिलावर आदळला. मध्यंतरापर्यंत ती खेळत राहिली. रक्त नाही, हाड मोडलेले नाही. चार दिवसांत बरे वाटेल, असे तिला वाटले. त्यानंतर ती पुन्हा सामना खेळली नाही. असह्य डोकेदुखी, तोल जाणे, विस्मरण आणि खोल नैराश्य यांत तीन वर्षे गेली. मेंदूला बसलेल्या हादऱ्याचे दुर्दैव असे, की तो डोळ्यांना दिसत नाही. प्लास्टर पाहून कोणीही चौकशी करतो. काळोख्या खोलीत पडून राहिलेल्या माणसाला मात्र आपले दुखणे सिद्ध करावे लागते.

स्करीला ते विमा कंपनीपुढे सिद्ध करावे लागले. आपल्यापैकी अनेकांचा विमा नोकरीशी बांधलेला असल्याने या देशातील ही पत्रापत्री आपल्याला परकी नाही: उपचार सुचवला जातो, मंजुरी नाकारली जाते, पुन्हा अर्ज, पुन्हा नकार. तिच्याबाबतीत प्रश्न कामावरील दुखापतीच्या विम्याचा होता. तोवर तिचा संघ फ्लोरिडात हलला आणि २०१२ मध्ये ती लीगही बंद पडली. दाद मागायला मालक उरला नव्हता. पैशांची चणचण इतकी वाढली, की दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके तिने गहाण टाकली. त्या काळात ती न्यू जर्सीतील लिटल फॉल्स येथे राहत होती. तेथील धबधब्याच्या कठड्याशी आपण जीव देण्याच्या विचाराने उभ्या होतो, असे तिने पुढे स्वतःच सांगितले. आपल्यातील कित्येक कुटुंबांच्या घरापासून हे गाव तासाभराच्याही अंतरावर नाही.

जनसंपर्क क्षेत्रातील क्रिसा झिझोस यांनी तिचे प्रकरण हाती घेतल्यानंतर चक्रे हलली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन येथे मानेमागील नसांवर शस्त्रक्रिया झाली आणि डोकेदुखी ओसरली. झिझोस यांनी पदके सोडवून आणली. पुढे दोघींनी विवाह केला. मार्च २०१४ मध्ये स्करीने प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे क्रीडासुरक्षेविषयी साक्ष दिली आणि २०१७ मध्ये राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली.

कथा सुखान्त झाली, असे म्हणून पान उलटता येईल. पण तिला वाचवणारी गोष्ट कोणतीही व्यवस्था नव्हती. योग्य वेळी भेटलेली एक कर्तबगार व्यक्ती होती. २०२२ मध्ये राष्ट्रीय संघातील स्त्रियांनी महासंघाशी २.४ कोटी डॉलरची तडजोड केली आणि समान मोबदल्याचा करार मिळवला. त्यांतील २० लाख डॉलर खेळाडूंच्या निवृत्त्योत्तर योजनांसाठी व समाजकार्यासाठी राखले गेले, हे मला त्या कराराचे दुर्लक्षित पण दूरदर्शी अंग वाटते. स्करीची पिढी त्या दाव्याच्या कक्षेबाहेर होती. शिवाय तिची दुखापत राष्ट्रीय संघाच्या नव्हे, क्लबच्या सामन्यात झाली. समान वेतन ही सामन्याच्या दिवसाची न्याय्य किंमत आहे. सामना संपल्यावर दहा वर्षांनी येणाऱ्या डोकेदुखीची किंमत कोणी द्यायची, हा हिशेब निराळा आहे.

नियम बदलले आहेत, हे मान्य करायला हवे. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत शालेय खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींविषयी कायदे झाले. २०१५ मध्ये महासंघाने दहा वर्षे व त्याखालील मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास मनाई केली. डोक्याला मार लागल्याची शंका असल्यास नेहमीच्या संख्येपलीकडे बदली खेळाडू उतरवण्याची मुभा २०२४ पासून खेळाच्या नियमांतच आली आहे. तथापि गोलरक्षकाला इजा होते ती बहुधा समोरून येणाऱ्या गुडघ्याने, कोपराने किंवा गोलखांबाने. हेडिंगवरील बंदीने ती टळत नाही. मुलींच्या सॉकरमध्ये कन्कशनचे प्रमाण मुलांहून अधिक असल्याचे अभ्यासांतून वारंवार दिसले आहे.

शनिवारी सकाळी आमच्या भागातील मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले मराठी पालक मी पाहतो. थर्मासमधला चहा, शिष्यवृत्तीच्या गप्पा, पुढच्या स्पर्धेच्या हॉटेलची चौकशी. मुलगी गोलपोस्टमध्ये उभी असेल तर क्लबची फी, प्रवास आणि हातमोजे यांचा खर्च प्रत्येकाला तोंडपाठ असतो. डोक्याला मार लागल्यावर तिला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा, परत खेळवण्यापूर्वी कोणत्या डॉक्टरची लेखी परवानगी लागते आणि क्लबचा विमा नेमका कशासाठी आहे, हे प्रश्न गेल्या आठवड्यात मी सहज काढले. कोणालाच उत्तर ठाऊक नव्हते. एका आईने तिथल्या तिथे फोन काढून क्लबच्या व्यवस्थापकाला ईमेल लिहायला घेतला.