रिज्ल आणि तोलिमान

मेअखेरीस इशाच्या नमाजनंतर कोकणच्या मोकळ्या किनाऱ्यावर मुलांना घेऊन उभे राहा. दक्षिणेला, क्षितिजापासून थोडाच वर, एक ठळक तारा दिसेल. मराठीत तो मित्र. दिसतो एक, पण आहेत दोन. थोरला रिगिल, म्हणजे अरबी रिज्ल, पाय. धाकटा तोलिमान, मूळ अरबीत शहामृगे. (पाश्चात्त्यांनी आपली नावे घेतली, उच्चार मात्र वाकडे केले!)

दोघेही सूर्याच्याच जातकुळीचे, 4.3 प्रकाशवर्षांवर. डोळ्यांना थोरला तेजस्वी. क्ष-किरणांत मात्र बहुधा धाकटाच वरचढ असतो.

सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5500 अंश सेल्सिअस, पण भोवतीचे विरळ प्रभामंडळ दहा लाख अंशांच्या पुढे. जणू चुलीपेक्षा वरची हवाच जास्त जळती! ही उष्णता चुंबकीय क्षेत्रामुळे येते. नेमकी कशी, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. अशा तप्त वायूतून क्ष-किरण निघतात. आपली हवा ते अडवते, म्हणून दुर्बीण अवकाशातच हवी.

लाहोरात जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची 'चंद्रा' दुर्बीण 2005 पासून दर सहा महिन्यांनी ही जोडी न्याहाळत आली. 2018 साली हिशेब मांडला गेला. रिगिलभोवती, पाणी द्रवरूप राहील इतक्या अंतरावर ग्रह असेल, तर त्याला सरासरी आपल्याहून कमीच क्ष-किरण मिळतील. तोलिमानपाशी सुमारे पाचपट, तेही सोसण्याजोगे. त्यांचा तिसरा, अंधूक लाल सोबती प्रॉक्झिमा मात्र आपल्या ग्रहावर सरासरी 500 पट मारा करतो, आणि मोठा भडका उडाला की 50,000 पट.